हजेरीची खबर आईपर्यंत

सिद्धेश्वरहून आम्ही बोलतोय. पूर्णा नदीवरचं धरण आहे ना, ते आमचं गाव. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला आलात तर आमच्याकडेही चक्कर मारा. आज गोष्ट सांगायची आहे हजेरीची. तुम्ही म्हणाल, हजेरीत कसली आली गोष्ट? आम्हालाही तसंच वाटत होतं.

झालं असं. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते वहीत चढले. उठता उठता एकीने पिशवीतून लेकीचं प्रगतिपुस्तक काढलं. ‘पालकाची सही’ लिहिलेलं असतं, तिथं तिने सही केली होती. ती सही करायला गटातच शिकली, बँकेत अंगठा लावावा लागू नये म्हणून. कौतुकाने ती सगळ्यांना दाखवत होती. शेजारी बसलेलीने पान उलटलं आणि मोठ्याने वाचलं: कामाचे दिवस १०४, हजर दिवस ६१.

“म्हणजे काय गं?” आईने विचारलं.

पोरगी नववीत. रोज सकाळी डबा घेऊन निघायची. आई त्याआधीच कापूस वेचायला जायची. बाप ऊसतोडीला. ४३ दिवस पोरगी शाळेत नव्हती आणि आईला पत्ता नव्हता. शाळेला मात्र माहीत होतं. हजेरीपटावर ४३ वेळा गैरहजेरी लागली होती. मग ही खबर घरी का आली नाही? हजेरी घेतात ती कुणासाठी?

या प्रश्नाने आम्ही कामाला लागलो. गावातल्या जुन्या शिक्षकांना विचारलं, पुस्तकं वाचून घेतली. जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

फार पूर्वी गावात पंतोजीची शाळा असायची. देवळाच्या ओसरीत नाहीतर कुणाच्या पडवीत भरायची. पंतोजीला पगार नव्हता. पोरांच्या घरून धान्य, चार पैसे, सणावाराला शिधा मिळायचा. एखादा पोरगा आला नाही की पंतोजी मोठ्या पोरांना पाठवायचा, ती पोरं त्याला उचलून आणायची. मारही मिळायचा. चांगली पद्धत होती असं आम्ही म्हणत नाही. पण शाळेची खबर त्याच दिवशी घरी पोचायची, कारण पंतोजीचं पोटच त्या घरांवर होतं. अर्थात ही शाळा काही मोजक्या जातींच्या मुलांची. दलितांना तिथं जागा नव्हती, आणि मुलींची हजेरी घ्यायचा प्रश्नच नव्हता, मुली शाळेतच नव्हत्या.

१८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे दलित मुलामुलींसाठीही शाळा काढल्या. मुक्ता साळवे ही त्यांची विद्यार्थिनी. आपल्या समाजाच्या दुःखाबद्दल तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तेव्हा ती १४ वर्षांची होती. म्हणजे आमच्या नववीतल्या पोरीएवढी. १८८२ साली सरकारने शिक्षणाची चौकशी करायला हंटर साहेबांचं कमिशन नेमलं, तेव्हा जोतिरावांनी निवेदन दिलं. शेतकऱ्यांच्या करातून पैसा गोळा होतो, मग त्यांच्या लेकरांच्या शिक्षणावर तो का खर्च होत नाही, हा त्यांचा सवाल होता. १२ वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती.

याच काळात हजेरीपटाला महत्त्व आलं. १८५४ नंतर इंग्रज सरकार शाळांना अनुदान देऊ लागलं. पट किती, रोज किती मुलं येतात, हे बघायला इन्स्पेक्टर यायचे. खेड्यातले लोक त्यांना ‘दिपोटी’ म्हणायचे. दिपोटी येणार म्हटलं की शाळा सारवून निघायची, पोरं धुऊनपुसून बसायची. हजेरीपट सरकारला दाखवायचा कागद झाला. खबर मास्तरांकडून दिपोटीकडे, दिपोटीकडून वरच्या साहेबाकडे गेली. घराकडे कुणी वळवली नाही.

घराकडे ती पहिल्यांदा आली ती दंडाची चिठ्ठी होऊन. इंग्लंडात १८८० साली सक्तीचा कायदा झाला आणि गैरहजर मुलांच्या घरी जाणारा माणूस नेमला गेला. आपल्याकडे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचं शिक्षण सुरू केलं, आणि १९०६ साली सगळ्या संस्थानात. हे महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरचे. लेकरू शाळेत आलं नाही तर आईबापाला दंड होता. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. तिथंही लेकराला न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड होता.

हे दोन्ही राजे काळाच्या फार पुढचे. त्यांच्यामुळे कितीतरी घरांत पहिलं अक्षर आलं. पण दंडाने सगळं साधलं नाही. बडोद्यात अनेक गरीब घरांनी दंड भरला आणि लेकरू कामालाच ठेवलं. शिवाय बडोद्याच्या नियमात मुलग्यांना १२ वर्षांपर्यंत शाळा सक्तीची, तर मुलींना १० पर्यंतच. दहाव्या वर्षानंतर मुलगी शाळेत आहे की नाही, हे कायदाही विचारत नव्हता.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. आपण निजामाच्या राज्यात होतो. वरच्या वर्गांत शिक्षण उर्दूतून होतं, हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दूचं. हायस्कुलं मोठ्या गावांतच. खेड्यातलं पोर शिकायला गेलं तर नातेवाइकाकडे राहायचं, आणि त्याची खुशाली बाजाराला जाणाऱ्या माणसाबरोबर यायची. शाळेने कागद धाडला असता तरी मराठी घरात तो वाचायचा कुणी? म्हणून काही लोकांनी मराठी शाळा काढायचं धाडस केलं. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ सालची. पुढे मुक्तिसंग्रामाचे पुढारी झालेले स्वामी रामानंद तीर्थ त्या शाळेचे मुख्याध्यापक होते. खासगी शाळा काढायला तेव्हा निजाम सरकारची परवानगी लागायची, ती सहजी मिळत नसे.

१७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो. १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. मराठवाड्यात जिल्हा परिषदेची हायस्कुलं आहेत, ज्यांना आपण ‘प्रशाला’ म्हणतो. त्याच सुमाराला आमच्या पूर्णेवर येलदरीचं आणि सिद्धेश्वरचं धरण बांधलं गेलं. कालवे निघाले, वावरात पाणी आलं. पाण्याबरोबर कामही वाढलं. सोयाबीन, कापूस, मग हळद. हळद काढायची, शिजवायची ती शिमग्याच्या आगेमागे, आणि दहावीची परीक्षाही त्याच सुमाराला. शेताचं कॅलेंडर वेगळं, शाळेचं वेगळं. त्या दोन्हींच्या मधे उभी राहते ती घरातली मोठी मुलगी.

मुलं हायस्कुलात गेली तशी प्रगतिपुस्तकं घरी येऊ लागली. आमच्यातल्या साठी ओलांडलेल्या बायांना आठवतं, प्रगतिपुस्तक बापाच्या पुढे ठेवायचं. तो अंगठा लावायचा नाहीतर शेजारच्या शिकलेल्याकडून सही करून आणायचा. पोरंच मग बापाची सही गिरवायला शिकली, तो भाग निराळा! कधी शाळेकडून पोस्टकार्ड यायचं: आपला पाल्य इतक्या दिवसांपासून गैरहजर आहे. पोस्टमन ते बापाच्या नावाने आणायचा. दहावीचा निकाल पेपरात यायचा, नुसते नंबर. एसटी स्टँडवर एक पेपर आणि त्यावर वाकलेली वीस डोकी! आईला निकाल कळायचा तो पोराच्या तोंडाकडे बघून.

दहावीवरून एक नियम सांगून ठेवतो, कारण तो पुष्कळ आयांना माहीत नसतो. बोर्डाच्या परीक्षेला बसायचं तर ७५ टक्के हजेरी लागते. समजा वर्षात शाळा २२० दिवस भरली, तर १६५ दिवस हजर पाहिजे. आमच्या पोरीची हजेरी शंभरात साठ दिवससुद्धा नव्हती. ती दहावीत असती तर?

मुली गळतात हे सरकारच्याही लक्षात आलं. १९९२ साली गरीब घरच्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजर राहिल्याबद्दल रोज १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. दंडाच्या जागी भत्ता आला, हा मोठा बदल. पुढे अहिल्याबाई होळकरांच्या नावाने मुलींना एसटीचा मोफत पास मिळाला. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींसाठी निळ्या गाड्या आल्या, सायकली आल्या. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या कितीतरी मुली त्या गाडीमुळेच दहावी-बारावीपर्यंत पोचल्या.

तरी हजेरीपटाची दिशा बदलली नव्हती. २०११ सालची पटपडताळणी आठवते? आधी शेजारच्या नांदेड जिल्ह्यात झाली, मग ३ ते ५ ऑक्टोबरला सगळ्या राज्यात. मतदानासारखी लेकरांच्या बोटाला शाई लावून मोजणी केली. लाखो नावं अशी निघाली की पटावर होती, वर्गात नव्हती. विचार करा. त्या नावांवर अनुदान जात होतं, तुकड्या मंजूर होत होत्या. त्या लेकरांच्या आईबापांना कुणी विचारलं असतं तर हे एका दिवसात कळलं असतं. पण हजेरी घरच्यांना दाखवायची रीतच नव्हती.

२०१० साली शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्यात शाळा व्यवस्थापन समिती आली. शंभरात ७५ सदस्य पालक आणि निम्म्या बाया, असा नियम. त्याच कायद्यात आहे की आठवी पूर्ण होईपर्यंत लेकराला शाळेतून काढता येत नाही. नववीला मात्र हे छत्र संपतं. आणि पोरीचं वय कोणतं असतं तेव्हा? चौदा-पंधरा. घरात लग्नाचा विषय निघतो तेच. नववी-दहावीला पालक-शिक्षक संघ असतो. २०११ च्या शुल्काच्या कायद्याने त्याच्या कार्यकारी समितीतही निम्म्या महिला घ्यायला सांगितल्या. मार्च २०२२ मध्ये आणखी एक निर्णय झाला: शाळाशाळांत सखी सावित्री समिती. मुलींची सुरक्षितता, हजेरी, बालविवाह थांबवणं हे तिचं काम. त्या समितीत पालक महिलाही असते. आमच्या बैठकीत विचारलं, तुमच्या लेकीच्या शाळेतल्या या समितीवर कोण बाया आहेत? एकीलाही सांगता आलं नाही. तुम्हाला सांगता येईल?

मग आला मोबाइल. मार्च २०२० ला टाळेबंदी लागली, शाळांना कुलूप. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत अभ्यास फोनवर येऊ लागला. शाळेने पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप केले. पहिल्यांदाच शाळेची रोजची खबर घरात आली, पण कुणाच्या खिशात? बापाच्या. तो वावरात, नाहीतर कारखान्यावर, आणि फोन त्याच्याबरोबर. डिसेंबर २०२३ पासून शिक्षकांनी रोजची हजेरी मोबाइलवरून राज्याच्या केंद्राकडे कळवायची असं ठरलं. आज कोणत्या वर्गात किती मुलं आहेत हे लांबच्या साहेबाला त्याच दिवशी दिसू शकतं. आईला ते दिवाळीनंतर दिसतं, तेही कुणी वाचून दाखवलं तर!

आमच्या पोरीचं हेच झालं होतं. आम्ही चौघीजणी शाळेत गेलो. सर म्हणाले, निरोप पाठवले होते. खरंच पाठवले होते, बापाच्या जुन्या नंबरवर. तो नंबर बंद पडून वर्ष झालं होतं. सरांचं चुकलं होतं का? बापाचं? आईचं? आम्ही भांडायला गेलो नव्हतो. आईचा नंबर लिहून घ्या म्हणालो, त्यांनी लगेच लिहून घेतला.

पण खरी गोष्ट पुढेच होती. पोरगी जात कुठे होती? आम्ही तिला रागावलो नाही. एकीने तिला घरी नेलं, वेणी घालता घालता विचारलं. मग तिने सांगितलं. फाट्यावर दोन पोरं उभी राहायची. नाव घेऊन हाका मारायची, मागे गाडी आणायची. ज्या दिवशी बरोबर मैत्रीण नसेल त्या दिवशी ती आत्याच्या वावरातल्या आखाड्यावर जाऊन बसायची, डबा तिथंच खायची. घरी का नाही सांगितलं? ती म्हणाली, “सांगितलं असतं तर तुम्ही शाळा बंद केली असती.”

मैत्रिणींनो, आम्ही गप्प झालो, कारण ती खरं बोलत होती. बापाला फोनवर कळवलं तेव्हा त्याचं पहिलं वाक्य तेच होतं: घरी बसवा तिला, उन्हाळ्यात बघू. ‘बघू’ म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणजे खबर नुसती घरी येऊन भागत नाही. बडोद्याला दंडाची खबर आली आणि लोकांनी दंड भरून लेकरू कामाला लावलं. आमच्याकडे गैरहजेरीची खबर आली आणि शाळाच सुटायची वेळ आली. लेकरू का आलं नाही, हे विचारणारं कुणीतरी त्या खबरेबरोबर घरी यायला हवं. ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये आहे ते कोसबाड, तिथं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी लेकरांसाठी हेच केलं. लेकरं शाळेत का येत नाहीत? गुरं राखायला जातात. मग त्यांनी शाळाच कुरणावर नेली. लहान भावंडं सांभाळायची म्हणून मोठी बहीण येत नाही, तर लहान्यांची सोय अंगणात केली. आधी कारण शोधलं, मग उपाय केला.

आम्ही आमच्या परीने तेच केलं. गटातल्या दोघी दोघी पाळीने सकाळी फाट्यावर उभ्या राहिल्या, सगळ्या मुली गाडीत बसेपर्यंत. पोलीस पाटलांना सांगितलं. त्या पोरांच्या आयांकडेही गेलो, ते सगळ्यात अवघड काम होतं. एकीने आमच्यावर तोंड टाकलं, दुसरीने पोराला आमच्यासमोर उभं केलं. आठ-पंधरा दिवसांत फाटा मोकळा झाला. बापाची समजूत काढायला जास्त दिवस लागले. पोरगी आता दहावीत आहे. हळदीच्या दिवसांत चार दिवस घरी राहिली, पण ते आईला माहीत होतं आणि सरांनाही.

तुमच्या गटात करता येईल असं थोडं सांगतो. शाळेत आईचा नंबर लिहिला आहे का ते बघा, आणि नंबर बदलला की त्याच आठवड्यात कळवा. फोन नसेल तर गटातल्या एकीचा नंबर द्या. प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी दोन आकडे वाचून घ्या: कामाचे दिवस आणि हजर दिवस. महिन्याच्या बैठकीत बचतीच्या वहीबरोबर हजेरीचाही विषय घ्या. नववी-दहावीच्या मुली किती, कोण किती दिवस घरी राहिली आणि का. पालक-शिक्षक संघावर आणि सखी सावित्री समितीवर कोण आहेत ते शाळेत विचारा, कुणी नसेल तर आपण नाव द्या. कुणा पोरीचं लग्न ठरतंय असं कानावर आलं तर १०९८ वर फोन करा. आणि लेकीने काही सांगितलं तर शाळा बंद करायची भाषा पहिल्यांदा तोंडात आणू नका. एकदा ती भाषा ऐकली की पोरगी पुन्हा सांगत नाही.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदावर, शाळेच्या कागदावरही, त्याच्या नावापुढे आधी आईचं नाव लागतं, मग बापाचं. ही लेकरं हायस्कुलात जातील तेव्हा आपल्यातल्या पुष्कळजणी आज्या झालेल्या असतील. नाव आलं आहे. आता निरोपही आईकडे येऊ द्या.

आमच्या गटातल्या त्या आईने या वर्षीचं पहिलं प्रगतिपुस्तक बैठकीत आणलं. या वेळी दुसरीने वाचायच्या आधी तिनेच दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून वाचलं. मग सही केली.